कपाटाखालच्या चपला

"सही करण्याआधी एवढंच बघ, तुझी एजंट प्रकाशकाकडे पाहुण्यासारखी बसते की घरच्यासारखी," नणंदेनं बजावलं होतं. लेखिकेनं ते हसण्यावारी नेलं होतं. "वन्सं, कादंबरी विकतेय, फ्लॅट नाही."

आता प्रकाशकांच्या टेबलावर करार होता. पेनाचं टोपणसुद्धा लेखिकेच्या वतीनं सौदा ठरवणाऱ्या एजंटबाईंनी काढून ठेवलं होतं.

"पुढची तीन पुस्तकंही यांनाच द्यायची?" लेखिकेनं विचारलं. तिचा एक डोळा कागदावर, दुसरा लेकीवर. या खोलीतल्या प्रत्येक टेबलाचा कोपरा बरोबर लेकीच्या कपाळाच्या उंचीवर होता.

"अगं, तुझ्यासाठी मी किती भांडलेय. विचार यांना."

"तुमच्या बाई फार कडक हो," प्रकाशक म्हणाले.

तेवढ्यात लेक कपाटाखाली शिरली. तिथं वायरी असतील म्हणून लेखिका उठली. पण पोरगी बाहेर आली ती हातात चपला घेऊन. निळ्या, मऊ, टाचेशी झिजलेल्या. त्यात पाय घालून दोन पावलं चालली आणि धपकन बसली.

चहा घेऊन आलेले काका हसले. "ठकूबाई, त्या मॅडमच्या आहेत." त्यांनी चपला उचलल्या, झटकल्या आणि रोजच्या सवयीनं एजंटबाईंच्या पायाशी नेऊन ठेवल्या.

एजंटबाईंनी उंच टाचांचे पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"रोज येता इथं?" लेखिकेनं विचारलं.

"यांचंही थोडं काम बघते. या धंद्यात सगळेच बघतात."

"मग माझ्यासाठी भांडलात ते कुठल्या चपलांत?"



लेखिकेनं पेनाला टोपण लावलं. हस्तलिखित पिशवीत घातलं, लेकीला कडेवर घेतलं.

"माझ्याशिवाय तुला कोण दारात उभं करणार?" एजंटबाई म्हणाल्या.

"नका करू. उभी राहायला पाय आहेत माझे."

बाहेरच्या बाकावर एक मुलगी बसली होती. नखं कुरतडलेली, मांडीवर कागदांचा गठ्ठा, वर नवंकोरं पेन. लेखिका तिच्याशी बोलणार, तोच आतून एजंटबाईंची हाक आली, "ये गं बेटा." मुलगी धावतच गेली. दार लागलं.

तुमच्या ओळखीतली एखादी अशी नखं कुरतडणारी मुलगी हल्ली "माझं पुस्तक येतंय" म्हणत असेल, तर तिला आजच फोन करा. सही व्हायची असेल, तर आधी कपाटाखाली वाकून बघायला सांगा.