भाकरीच्या साइटचं नाव

"'कडकभाकरी' गेलं," दिपक म्हणाला. "कुणीतरी आधीच घेऊन ठेवलंय. 'सोलापूरभाकरी'सुद्धा गेलं."

संघप्रियानं वहीतल्या दोन नावांवर काट मारली. तिच्या आईच्या, भीमाबाईंच्या, कडक भाकरीच्या धंद्याची वेबसाइट काढायची होती. नाव आजच ठरायला हवं होतं. पुण्याच्या प्रदर्शनासाठी पुड्यांवरची लेबलं संध्याकाळी छापायला जाणार होती, आणि लेबलावर साइटचा पत्ता हवा होता.

शेडमध्ये अकरा बायका भाकरी थापत होत्या. भीमाबाई दारात बसून वाळलेल्या भाकरी मोजून पुड्यात भरत होत्या.

"नाव लहान असावं," दिपक सांगत होता. तो वेबसाइट बनवून द्यायचा आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला हे सांगायचा. "फोनवर एकदा सांगितलं की समोरच्याला लिहिता यावं. मध्ये आकडे नकोत, रेघ नको. आणि इंग्रजीत त्याचं एकच स्पेलिंग होईल असं बघायचं."

"'भाकरघर' बघा," संघप्रिया म्हणाली.

दिपकनं टाइप केलं. "हे मोकळं आहे. छान आहे. घेऊ?"

"जालिंदर भाकरी," भीमाबाई म्हणाल्या.

दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं. भीमाबाईंचे हात चालूच होते.

"तेच नाव टाका. मोकळं हाय का बघा."

दिपकनं पाहिलं. "मोकळं आहे, मावशी. पण अडचण आहे. कुणी जालिंदर लिहील, कुणी जालंदर. शोधायला गेलं की आधी पंजाबातलं शहर येईल. गिऱ्हाईक भाकरी सोडून तिकडंच जाईल."

"जाऊ दे. भूक लागली की येतंय माघारी."

दिपक हसला. त्यानं संघप्रियाकडे पाहिलं, तिनं समजूत घालावी म्हणून. ती बँकेत होती, तिला व्यवहार कळत होता, आणि नावांची ती यादी करायला तिनं आठ दिवस घातले होते. तिनं वही मिटली.

"आई म्हणतीय तेच टाका," ती म्हणाली.

भीमाबाईंना नवरा नाही, एवढं दिपकला ठाऊक होतं. पुढचं त्यानं ताडलं. त्यांच्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव असं चारचौघांत घेत नाहीत. भीमाबाई सरळ घेत होत्या, ते त्याला आवडलं.

"त्यांचा हात होता का धंद्यात?" त्यानं विचारलं.

"हात?" भीमाबाईंनी पुडा बाजूला ठेवला. "मी विड्या वळत होते तवा. पहिलं ज्वारीचं पोतं त्यानं आणलं, मोडनिंबवरनं. म्हणाला, भाकरी थापा, इकायचं माझ्याकडं लागलं. हे पत्रं त्यानंच ठोकल्यात. पुडं घिऊन एसटी स्टँडवर हुबा राहायचा, उन्हातान्हात. दुकानदार हाकलून द्यायचं, तरी दुसऱ्या दिशी त्याच दुकानात जायचा."

"मला शाळेत सोडायचे सायकलवरनं," संघप्रिया म्हणाली. "दहावीपर्यंत. पेपर सुटेस्तोवर बाहेर लिंबाखाली बसून राहायचे."

"मग ही शिकली," भीमाबाई म्हणाल्या. "आमचं बरं चालाय लागलं. आन् गेला."

दिपकनं मान खाली घातली.

"मावशी, आपण दोन्ही स्पेलिंगं घेऊ," तो म्हणाला. "जालिंदर पण, जालंदर पण. कुणी चुकीचं लिहिलं तरी तुमच्याच दारात येईल."

"असं हुतंय व्हय? लई बरं झालं बघा. देवासारखा आलास." भीमाबाईंनी त्याच्यापुढं भाकरी आणि शेंगाची चटणी सरकवली. "खा आदी."

दिपकनं भाकरीचा तुकडा मोडला. "त्यांचा एखादा फोटो आहे का? पहिल्या पानावर लावू."

"फोटो न्हाय. आन् त्याला इचारावं लागंल की. लाव गं फोन."

दिपकचा घास हातातच राहिला. संघप्रियानं फोन लावून स्पीकर चालू केला आणि पुड्यांशेजारी ठेवला.

"जय भीम, ताई," पलीकडून एक थकलेला आवाज आला.

"जय भीम. जेवलास का?"

"जेवलो की."

म्हणजे भाऊ. दिपकला आपल्या घाईची लाज वाटली. भाऊ असा असावा, असंही त्याच्या मनात आलं.

भीमाबाईंनी साइटचं सांगितलं, लेबलाचं सांगितलं, मग नाव सांगितलं.

"नको, ताई," जालिंदर म्हणाला. "तुमचं टाका. पोरीचं टाका. माझं नको."

"काका, मी यादी केली होती," संघप्रिया म्हणाली. "मीच फाडून टाकते आता. तुमचंच नाव लागणार."

"न्हाय बाळा. तुला कळत न्हाय."

"तिला समदं कळतंय," भीमाबाई म्हणाल्या. "लहान हुती तवापास्नं ठावं हाय तिला. भाकरी मी थापली, पर चूल तू पेटवलीस. तुझं नाव न्हाय लावायचं तर कुणाचं?"

"लोक इचारतील, ताई. कोण हा जालिंदर म्हणून."

"इचारू दे."

"मग काय सांगणार तुमी?"

शेडमधलं थापणं थांबलं होतं. अकराही बायका इकडेच बघत होत्या. भीमाबाईंनी हात पदराला पुसले आणि फोन जवळ ओढला.

"सांगीन की. ज्याच्या टेम्पोखाली माझे मालक गेले, आन् जो पळून गेला न्हाय, त्यो."