साहेबांच्या योजनेतला क्लाइड

लोरेटाच्या पत्राला क्लाइडने अकरा वर्षं उत्तर दिलं नव्हतं. अमेरिकेतल्या टोलीडो शहरातल्या त्यांच्या काच कारखान्यात निवृत्तीच्या दोन योजना होत्या: साहेबांसाठी भरघोस आणि कामगारांसाठी जेमतेम. कामगारांपैकी एकट्या क्लाइडला, नकाशे सांभाळणाऱ्या त्या लाजऱ्या कारकुनाला, मालकांनी साहेबांच्या योजनेत घेतलं. "अरे, तू घरचाच माणूस," मालक ब्रूबेकर म्हणाले होते.

पॅकिंगमधल्या लोरेटाने तेव्हा लिहिलं होतं, "काय रे मालकाच्या लाडक्या? वीस वर्षं एका बाकावर बसून सँडविच खाल्ली आपण. तुझ्यात असं काय आहे, जे माझ्यात नाही?"

काहीतरी असेलच, असं क्लाइडला मनातून वाटे. पण ते लिहायचा धीर झाला नाही.

निवृत्तीच्या दिवशी योजना तपासणाऱ्या बाई सह्या घ्यायला आल्या, तेव्हा त्याने चाचरत विचारलं, "मलाच का निवडलं असेल हो?"

"अहो, सगळा फायदा साहेबांनाच जात नाही ना, हे बघायला कायद्याने दोन्ही योजना एकत्र तपासाव्या लागतात," कागद चाळत त्या म्हणाल्या. "तरीही पास होत नव्हत्या. साहेबांच्या योजनेत कमी पगाराचा एक माणूस हवाच होता. मालकाने भरायचा हिस्सा पगारावर ठरतो ना, म्हणून त्यांनी सगळ्यांत स्वस्त पडेल तो घेतला."

घरी जाताना त्याने कोपऱ्यावरच्या निळ्या टपालपेटीत एक कार्ड टाकलं.



"लोरेटा, तुझा पगार माझ्यापेक्षा जास्त होता."