पक्का गोंद

“असा नको,” पुस्तकांचा बांधणीवाला म्हणाला. “हा नुसता रोबो आहे. मला ट्रक होणारा हवाय.”

दुकानदाराने मागच्या फळीवरून दुसरा खोका काढला. “हा घ्या. लाल.”

“मी लाल म्हणालो होतो का?”

“बहुतेक मुलांना लालच लागतो.”

बांधणीवाल्याला ते पटलं. दुकानदाराच्या मिशा पिकलेल्या होत्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. सगळा जन्म पोरांच्या गराड्यात काढलेल्या माणसाला एवढं कळणारच. शिवायच्या वह्यांचा ढीग आज तसाच टाकून तो आला होता. मुलाची शाळा सुटायच्या आत खोका घरी पोचवायचा होता.

कडेच्या कपाटापाशी एक म्हातारा उभा होता. बांधणीवाला त्याला वाट द्यायला बाजूला सरला, तर म्हाताराही त्याच बाजूला सरला.

“तुमचं होऊ द्या आधी,” बांधणीवाला म्हणाला. म्हातारा तिथंच उभा राहिला.

“तुम्ही इकडे या. इथं बसा,” दुकानदाराने हाक मारून स्टूल पुढे केलं.

बसता बसता बांधणीवाल्याचं लक्ष गल्ल्यामागे गेलं. तिथे वरच्या फळीवर एक जुना रोबो होता. छाती माणसाची, पायांच्या जागी चाकं. धड हा नाही, धड तो नाही.

“तो दाखवा ना, काका.”

“तो विकायचा नाही.”

“मोडलाय?”

“अडकलाय.”

“अडकलेला माल असा समोर मांडलात तर गिऱ्हाईक पळेल हो!”

दुकानदार हसला. “हा नवा कसा वळतो ते दाखवू?”

“दाखवाच. तिथंच तर माझं घोडं पेंड खातं.” बांधणीवाल्याने आवाज खाली आणला. दारात एक बाई कुणाची तरी काठी हातात धरून उभी होती; तिला ऐकू जायला नको होतं. “गेल्या आठवड्यातली गोष्ट. मुलगा शाळेत जाताना त्याचा रोबो माझ्या कामाच्या मेजावर टाकून गेला. अर्धा ट्रक, अर्धा माणूस. तो वळतो हे मला कुठं ठाऊक? मला वाटलं, मोडला. सगळे सांधे ढिले. आणि ढिलं पुस्तक हातात आलं की काय करायचं, एवढंच मला येतं.”

“सरस लावला?”

“छे! प्लास्टिकला सरस धरतो होय? मुद्दाम पक्का गोंद आणला. सुईच्या टोकानं एकेका सांध्यात भरला आणि शिकंज्यात दाबून ठेवला. एक थेंब बाहेर दिसला नाही, काका. इतकं सफाईचं काम मी गिऱ्हाइकाचंसुद्धा केलं नसेल.”

दुकानदार खोक्याची चिकटपट्टी सोडवत राहिला.

“मुलगा आला आणि वळवायला गेला. वळेना. लागला रडायला. मी म्हटलं, मोडलेलं जोडून दिलं तरी रडतोस, कार्ट्या? आणि एक ठेवून दिली.” त्याने आपला उजवा तळवा उलटसुलट करून पाहिला. “बोटांवरचा गोंद गालाला लागला त्याच्या. तो पुसतानाही माझ्याकडे बघेना.”

“मग?”

“मग काय? काहीतरी बोलायचं होतं मला. पण बापानं पोराला म्हणायचं तरी काय? आमच्या घरात तशी पद्धत नाही. माझा बापही कधी म्हणाला नाही. राहून गेलं. दुसऱ्या दिवसापासून रोबो कुठं दिसला नाही. फेकला असणार.”

“फेकला नसेल.”

“तुम्हाला काय ठाऊक? तुम्ही ओळखता त्याला?”

दुकानदाराने चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला. मग खोक्यातला लाल रोबो बांधणीवाल्याच्या हातात दिला. “आधी खांदे मागे ढकला. हळू. आता डोकं आत.”

आज बोटं ऐकत नव्हती. थंडी असावी. दोनदा हात निसटला. दुकानदाराने आपली बोटं त्याच्या बोटांवर ठेवली आणि दोघांनी मिळून पाय दुमडले. खट् आवाज झाला. चाकं जुळली.

“झाला की हो ट्रक!” बांधणीवाला ओरडलाच. मग त्याने स्वतःहून तो उलगडला, पुन्हा माणूस केला, पुन्हा ट्रक. “गोंद कुठंच लागत नाही. आपोआप धरतं.”

“हो.”

“त्याच्यासमोर करून दाखवीन. म्हणजे बोलावं लागणार नाही.” त्याने खिसे चाचपले. “पैसे?”

“आधी त्याला आवडू दे.”

“आवडेल ना? राग गेला असेल ना त्याचा? की बापानं मारलेलं मुलं विसरतच नाहीत?”

दुकानदाराने तोंड उघडलं. पण तेवढ्यात दारातली बाई आत आली. “चला, जायचं ना?” म्हणत तिने काठी बांधणीवाल्याच्या हातात दिली आणि त्याला स्टुलावरून उठवलं. कपाटाला लावलेल्या आरशासमोरून जाताना तो थबकला.

“हे अजून इथंच आहेत,” तो म्हणाला. “यांच्याकडे कुणी बघा हो, बिचारे मघापासून उभे आहेत.”

खोका छातीशी धरून तो एकेक पायरी उतरला. दार लागलं. दुकानदाराने वरच्या फळीवरचा रोबो खाली घेतला, गोंदानंतर कधीच न वळलेल्या त्याच्या सांध्यांवरून अंगठा फिरवला आणि बंद दाराकडे पाहत म्हणाला, “आवडला, बाबा.”