पिशवीतल्या काकू

पिशवीत फोन वाजला तेव्हा ती शाळेच्या ऑफिसात, कारकूनबाईंच्या टेबलासमोरच उभी होती. कारकूनबाईंच्या कानाला त्यांचा स्वतःचा मोबाइल होता. त्यांनी कॉल कापला, तशी पिशवी गप्प झाली. पुन्हा लावला, पिशवी पुन्हा वाजायला लागली.

"या तुमच्या शेजारच्या काकू," कारकूनबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "पिशवीत राहतात होय?"

तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. फॉर्मवर एक रकाना होता: आईवडील फोनवर सापडले नाहीत, तर गावातल्या कोणाला कळवायचं? नाव, नंबर, नातं. तिने आपल्याच जुन्या फोनचा नंबर ठोकून दिला होता आणि नात्यात लिहिलं होतं, शेजारच्या काकू. कारकूनबाई एकेक नंबर लावून बघतात, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण? गावात येऊन चार महिने झाले होते, आणि ओळखीचा म्हणावा असा एक दूधवाला, तोही तिच्याशी नाही, तिच्या पातेल्याशी बोलायचा.

"खोटं लिहिलंत ते जाऊ द्या," कारकूनबाई म्हणाल्या. "पण पोरगी पडली-झडली तर मी बोलवू कोणाला? तुमचे मिस्टर बस चालवतात. तुम्ही दातांच्या कवळ्या बनवता, हात सदा प्लास्टरमध्ये. शाळा सुटेपर्यंत हाडामांसाचं माणूस आणा. नाहीतर उद्याच्या सहलीला पोरगी घरी, माझा नाइलाज आहे."

लेकीने सहलीची पिशवी रविवारीच भरली होती, आणि तेव्हापासून ती उशाशी घेऊन झोपत होती.

ती फाटकाशी येऊन उभी राहिली. घंटेला वीस मिनिटं होती. दिवसाकाठी दोघा-तिघांना तोंडभर हसता येईल अशी सोय करणारी बाई ही, पण स्वतः बोलायची वेळ आली की दातखीळ बसायची. आया तीन-तीन, चार-चारच्या घोळक्यात उभ्या होत्या. एका घोळक्याजवळ जाऊन तिने घसा खाकरला, आणि त्यांनी बाजूला सरकून तिला जायला वाट दिली. तिला जायचं कुठेच नव्हतं. तरी ती गेली, कोपऱ्यावरून वळून परत आली.

राहता राहिली रडूबाईची आई. तिची लेक पहिला आठवडाभर फाटकाला धरून रडत होती, त्यावरून पडलेलं नाव. बाई दुकानांच्या पाट्या रंगवायची, नखांत कायम कुठला ना कुठला रंग. ती धावतपळत यायची आणि आल्यापासून घंटेपर्यंत तोंडाचा पट्टा चालू. एकदा पावसाच्या गारठ्यात दोघींच्या लेकींचे स्वेटर बदलले गेले, तेव्हा तिने हिचा नंबर घेतला होता. फोन मात्र कधी केला नाही. अशा बाईला काय, गावभर मैत्रिणी असतील. तिच्यावर आपलं ओझं कशाला?

आज नखं हिरवी होती.

"औषधाच्या दुकानाची पाटी," रडूबाईच्या आईने आल्या आल्या सुरू केलं. "मालक म्हणतो अक्षर मोठं करा, म्हटलं पाटी मोठी करा. तुमची झाली का सहलीची तयारी? आमची तर..."

ती हूं हूं करत राहिली. घड्याळात चार मिनिटं. तीन. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही उगाच नाही.

"तुमचं नाव फॉर्मवर लिहू का?" ती एकदम म्हणाली. "म्हणजे मी नसले तर. माझं इथे कोणी नाही हो."

तोंडाचा पट्टा थांबला. रडूबाईच्या आईने नखाचा हिरवा रंग खरवडला आणि भलतीकडेच बघत म्हणाली, "लिहा की. त्यात काय विचारायचं."

दोघी ऑफिसात गेल्या. कारकूनबाईंनी रडूबाईच्या आईला पाहिलं मात्र, हातातलं पेन खाली ठेवलं.

"बरं झालं आलात. तुमच्याही फॉर्मचं घोंगडं भिजत पडलंय. तुम्ही दिलेला नंबर मी आठ वेळा लावला. कोणी उचलतच नाही."

"कामात असतात हो त्या," रडूबाईची आई पुटपुटली. तिचे कान लाल झाले होते.

कारकूनबाईंनी फाइलीतून फॉर्म काढून टेबलावर ठेवला. पाटीवर शोभेल असं वळणदार अक्षर. नावाच्या जागी लिहिलं होतं, 'स्वेटरवाल्या ताई'. नातं: मावशी. खाली तारीख होती, तीन महिन्यांपूर्वीची.

आठ वेळा वाजलेला आपला रोजचा फोन तिला आठवला. अनोळखी नंबर ती उचलायचीच नाही, आणि या गावात सगळेच नंबर अनोळखी होते.

"विचारायचा धीर झाला नाही," रडूबाईची आई म्हणाली. "आम्हीही जूनमध्येच आलोय."

कारकूनबाईंनी मोबाइल घेतला, फॉर्मवर बोट ठेवून एकेक आकडा दाबला आणि कानाला लावला.

पिशवी वाजली.

तिने पांढऱ्या हातांनी आत चाचपलं, फोन काढला आणि टेबलापासून हातभर अंतरावर उभी राहून कानाला लावला.

"हॅलो," ती म्हणाली. "हो. मावशीच बोलतेय."