खातं चालू ठेवायचं असंल तर

“माझा आवाज होतोय का?” रसाचा ग्लास ओठांपासून काढत श्रीशैलनं विचारलं.

ईश्वरीला काही कळलं नाही. समोरच्या कापडदुकानात दोन्ही घरची माणसं लग्नाचा बस्ता बांधत होती. शालू ठरेपर्यंत या दोघांना रसवंतीत पाठवलं होतं.

“जेवताना होतो ना,” तो हसला. “‘लई आवाज करतात, पण होईल सवय.’ अपेक्षाला लिहिलंस की तू.”

लिहिलं होतं. बीडला तेव्हा इंटरनेट कॅफे नवीनच निघाले होते. कॉलेजसमोरच्या कॅफेतून ती ईमेल करायची, ते फक्त अपेक्षाला.

“अपेक्षानं सांगितलं तुमाला?”

“ती कशाला सांगंल? तूच पासवर्ड दिलास. दिवाळीनंतर एक ईमेल आलता बघ. खातं बंद होणार हाय, चालू ठेवायचं असंल तर पासवर्ड लिहून पाठवा. वर कंपनीचं चिन्ह बिन्ह. तो मीच पाठवलेला.” तो पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. “कंपनी पासवर्ड कधी मागत न्हाई. कुणीबी मागितला तरी द्यायचा न्हाई. आता जन्मभर ध्यानात राहील तुझ्या.”

“एवढंच शिकवायचं होतं, तर त्याच दिवशी सांगायचं.”

“सांगणारच होतो. पण उघडलंच होतं, म्हटलं बघावं. सगळं वाचलं. काही सापडलं न्हाई. आईलाबी सांगितलं, पोरगी चोख हाय.”

ईश्वरीनं ग्लास खाली ठेवला.

“अपेक्षाचं पण वाचलं?”

अपेक्षा तिची पाली गावातली मैत्रीण. अंबाजोगाईला दिलेली. नवरा मारायचा. हे तिनं माहेरीसुद्धा कळू दिलं नव्हतं. कॉम्प्युटर क्लासला जायची, तेवढ्या वेळात ईश्वरीला लिहायची. अलीकडं तिचं उत्तरच आलं नव्हतं.

श्रीशैल रसाच्या चरकाकडं बघत राहिला.

“आईची ओळख हाय तिच्या सासूशी. आई बोलली त्यांना, सुनेला जरा समजवा म्हणून. घरातलं असं बाहेर लिहू न्हाई. तिच्याच भल्याचं हाय ते. आता क्लास बंद केलाय म्हणं.”

ईश्वरी उठली. रस्ता ओलांडून दुकानात गेली. गादीवर शालू पसरला होता आणि तिची आई, शिवकांता, त्याचा काठ बोटांनी चाचपत होती.

“आप्पा, हे लग्न मला करायचं न्हाई.”

तिनं वडिलांना सगळ्यांसमोरच सांगितलं. पासवर्ड, पत्रं, अपेक्षाच्या सासूला गेलेला निरोप. दुकानदार मापाची पट्टी हातात धरून उभा राहिला. श्रीशैलच्या आईनं मान खाली घातली नाही.

“आमी काय चोरी केली का?” ती म्हणाली. “घरात आणायची पोरगी बघूनच घ्यावी लागती.”

शिवकांतानं लेकीचा हात दाबला. “सापडलं तर न्हाई ना काही? मग झालं की. जाऊ दे.”

ईश्वरीनं हात सोडवून घेतला.

आप्पा शालूची घडी घालू लागले. घडी नीट बसेना. शेवटी त्यांनी तो तसाच दुकानदाराकडं सरकवला.

“उठा,” ते बायकोला म्हणाले. “गाडी धरू.”

स्टँडवर एसटीडी बूथ होता. आई-आप्पा बाकड्यावर एकमेकांशी न बोलता बसले होते. ईश्वरीनं आत जाऊन काचेचं दार लावलं आणि अंबाजोगाईचा नंबर फिरवला. सासूनं उचलला तर काय बोलायचं, ते तिला सुचत नव्हतं.

“हॅलो.” अपेक्षाच होती.

“अपेक्षे, मी गं. ईश्वरी. माझ्याकडनं लई मोठी चूक...”

पलीकडं मागून एका बाईनं विचारलं, कोण हाय गं.

“राँग नंबर,” अपेक्षा म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.