बसायला दगड

"अहो, डबा नीट धरा, लोणच्याचं तेल सांडतंय," सुलभा म्हणाली.

यशवंतरावांनी डबा पिरॅमिडसमोरच्या गोल, सपाट दगडावर टेकवला आणि स्वतःही बुटांसकट पाय वर घेऊन बसले. ग्वातेमालाच्या जंगलातल्या त्या पडक्या, माया संस्कृतीच्या नगरात बसायला दुसरी जागा होती तरी कुठे?

नक्षीदार पोलकं घातलेली एक म्हातारी मघापासून पलीकडे उभी होती.

"रुमालबिमाल विकत असेल. बघू नका तिकडं, गळ्यात पडेल," सुलभा कुजबुजली.

पुऱ्या संपवून दोघं उठली, तशी म्हातारी पुढे आली. तिने चपला काढल्या, शालीने तेलाचा डाग पुसला, पुरीचे तुकडे वेचले, दगडावर मेणबत्ती लावली आणि डोकं टेकवलं.

यशवंतरावांना आपलं गाव आठवलं. त्यांच्या गावच्या वेशीवर शेंदूर लावलेला म्हसोबा आहे. गेल्या वर्षी त्याच्यावर बसून वडे खाणाऱ्या पुण्याच्या पोरांकडून त्यांनी तो चार घागरी पाण्याने धुवून घेतला होता, वर सगळ्या गावासमोर त्यांना कान धरून उभं केलं होतं. ही बाई मात्र यांचं खाऊन होईपर्यंत गप्प थांबली होती.

त्यांनी बूट काढले, हात जोडले आणि मराठीतच म्हणाले, "आई, चुकलं."

म्हातारीने एकवार त्यांच्याकडे पाहिलं. पिशवीतून दुसरी मेणबत्ती काढून तिने त्यांच्यापुढे धरली. लोणच्याच्या तेलकट हातांनी ती घेताना त्यांना मान वर करवेना.