तोफेचं तेल

गाडी कुणी थांबवली नाही. ती आपणच थांबली, अधारतालच्या रेल्वे फाटकाच्या अलीकडे, चढावर. मागच्या चाकांतून जळका वास यायला लागला.

गुणवंतरावांनी ॲक्सिलरेटर दाबून पाहिला. इंजिन ओरडलं, गाडी तसूभरही हलली नाही. पायाखालचा ब्रेक दगडासारखा झाला होता, न दाबताच लागलेला.

"उतर जरा, पोरी. गरम होऊन राहिली गाडी. दोन मिनिटांत सुटते."

शरयू मांडीवरचा डबा घेऊन उतरली. दोन मिनिटं आणायची कुठून? सकाळीच शेजारचे रामराव कुंपणापाशी येऊन गेले होते. रेल्वेतले गृहस्थ, इटारसीहून त्यांना फोनवर कळलं होतं: मोहनची तोफखान्याची पलटण आज जबलपूरवरून सीमेवर जाते आहे. इंजिन पाणी घेईल तेवढा वेळ गाडी थांबेल. "मी तुला काही सांगितलं नाही बरं का, बेटा," असं म्हणून ते घाईनं निघून गेले होते. शरयूचं लग्न उन्हाळ्यातलं. पाऊस सरायच्या आत मोहनची रजा संपली. लढाई पेटली तेव्हापासून तर एक ओळ आली नव्हती. तिला फक्त त्याचा चेहरा बघायचा होता, आणि हा डबा त्याच्या हातात द्यायचा होता.

रिक्षा दारात आली होती. शरयूनंच बोलावली होती. गुणवंतरावांनी ती परत पाठवली. घरी लँडमास्टर उभी असताना त्यांची सून रिक्षात बसणार? तोफांच्या कारखान्यातले फोरमन ते, आणि अख्ख्या महाराजपुरात गाडी त्यांची एकट्याची! मग ती म्हातारी का असेना, तिच्या मागच्या चाकातून ब्रेकचं तेल का गळत असेना. अंगणात रोज नवा डाग पडायचा, सासूबाई राख टाकून तो पुसायच्या. पण सांगणार कोण? अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

गुणवंतरावांनी पायाखालची चटई उचलली. ब्रेकच्या तेलाच्या डबीचं झाकण काढलं, आत बोट बुडवलं, दोन बोटांत तेल चोळून पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला.

"ब्रेकमधलं रबर फुगलं सारं," ते पुटपुटले. "ह्या तेलानं फुगलं."

"काहून? ब्रेकचंच तेल टाकलं नं तुम्ही परवा?"

"ब्रेकचं मिळून कुठं राहिलं? बाजारात थेंब नाही. आपलं कारखान्यातलं होतं. मला वाटलं, तोफेचा धक्का सोसणारं तेल, गाडीचा ब्रेक काहून नाही सोसणार?"

शरयूला ते तेल माहीत होतं. मोहननंच सांगितलं होतं. गोळा सुटला की तोफ मागे उसळते, आणि ती उसळी नळीतलं तेल पोटात घेतं. तेल कमी भरलं असेल तर मागे उभ्या असलेल्या माणसाची खैर नाही. मोहन मागेच उभा असायचा.

"तोफेचं तेल घरी आणलं तुम्ही?"

"एक बाटली. ओरडू नको. सारेच आणतात, कोणी बिजागरीला टाकते, कोणी सायकलीला. तुझ्या शिलाई मशीनला काय टाकतो मी? खोबरेल?"

मशीन कसं सुरेख चालतं म्हणून तिनंच शेजारणींना कौतुकानं सांगितलं होतं. मग राग दुपटीनं उसळला, त्यांचा आणि स्वतःचाही. ती डबा घेऊन तरातरा फाटकाकडे चालू लागली. पलीकडे रिक्षा उभ्या दिसत होत्या.

आणि फाटक पडलं.

"रुको दीदी," फाटकवाला ओरडला. "मिलिटरी स्पेशल है."

मोहनची गाडी स्टेशनवरून सुटून आली होती. पहिल्यांदा माणसांचे डबे गेले. खिडकीखिडकीतून हात, टोप्या, हसणारे दात, सगळे चेहरे एकाच रंगाचे. शरयू दांड्याला बिलगून ओरडली, "अहो! अहो!" नवऱ्याचं नाव घ्यायची जिभेला सवय नव्हती. त्या हाकेला अख्खी गाडी हात हलवू लागली. मग तिनं नाव घेतलं, धावत मागे आलेल्या सासऱ्यांच्या देखत, चारचौघांत, गळा फाटेस्तोवर. तोवर डबे संपले होते.

मागून उघड्या वाघिणी आल्या. त्यांच्यावर ताडपत्रीखाली तोफा, एकामागून एक. फाटकाशी तटलेले सायकलवाले जयजयकार करू लागले. गुणवंतरावांची मान ताठ झाली. आयुष्य ह्याच तोफांवर गेलं होतं. त्यांचा उजवा हात आपोआप वर गेला.

शरयूनं तो मनगटाशी पकडला. तिनं सासऱ्यांना असा हात कधी लावला नव्हता. तिनं तो खाली ओढला आणि सोडला नाही. त्यांच्या बोटांचं तेल तिच्या बांगड्यांना लागलं.

"काय करून राहिली, लोक पाहतात!"

चाकांच्या खडखडाटात त्यांना ऐकू जावं म्हणून ती त्यांच्या कानाशी गेली.

"सलाम मागून करा, मामंजी. आधी सांगा, ह्यातल्या कोणच्या तोफेचं काढलं?"